खापराचा फुल रिपोर्ट

राव काका,

तुमचा शेवटचा मेसेज अजून माझ्या फोनवर तसाच आहे. ‘फुल रिपोर्ट पाहिजे. वेटिंग.’ त्याच्या वर माझा, मदुराईच्या हॉटेलातून पाठवलेला: ‘दिलं. बाकी भेटल्यावर.’ भेटल्यावर म्हणे! रेडमंडमध्ये तुमच्या-माझ्या घरात अंतर ते केवढं, दोन सिग्नल आणि एक शाळा. परत आल्यावर मला चांगले आठ दिवस मिळाले होते. ऑफिसात रिलीज आहे, जेट लॅग आहे, लेकीचं सायन्स प्रोजेक्ट आहे, असं ज्याच्यात्याच्यावर खापर फोडत राहिले आणि नवव्या दिवशी सकाळी तुमच्या सुधाचा फोन आला. “मुक्ता, अप्पा झोपेतच गेले गं.”

परवा तुमचा तेरावा झाला. सगळे तुमच्याबद्दल बोलले. तुम्ही डिझाइन केलेल्या विमानांच्या पंखांबद्दल, तुमच्या कॉफीबद्दल, ऐंशीव्या वर्षी बसनं लायब्ररीत जाण्याच्या हट्टाबद्दल. माझ्याजवळ जे आहे ते चारचौघांत सांगायचं नव्हतंच, ते तुमचं होतं. तेव्हा हा घ्या रिपोर्ट. उशीर झाला म्हणून रागवा हवं तर.

पण सुरुवात माझ्या अपराधापासून करते, कारण तो मी कधी कबूल केलेला नाही. बारा वर्षांपूर्वी, सकाळची बस. मी पुण्याला ताईशी फोनवर बोलत होते आणि पुढच्या सीटवर दोन म्हातारे तावातावानं काहीतरी बोलत होते. मी बिनधास्त म्हणाले, “अगं, जरा मोठ्यानं बोल. पुढे दोन अण्णा बसलेत, त्यांचं यंडुगुंडू चाललंय केव्हापासून.” तुमचा स्टॉप आला. तुम्ही उठलात, दांडा धरून वळलात आणि म्हणालात, “ताई, अमचं यंडुगुंडू संपलं. आता निवांत बोला.” आणि उतरून गेलात! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला त्या दिवशी झालं होतं. ताई तिकडून “कोण होतं गं, कोण होतं” करतेय आणि मी फोन तसाच धरून बसलेली.

पुढच्या आठवड्यात इंडियन ग्रोसरीत तुम्ही दिसलात तेव्हा मी तांदळाच्या पोत्यांमागे लपायला गेले. तुम्ही आलात, हातात कढीपत्त्याची जुडी दिलीत, “ताजा अहे, घ्या,” म्हणालात. मग तिथेच उभ्या उभ्या सांगितलंत की तुमचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी राजांबरोबर तंजावरला गेले ते तिथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर केवढा तरी मराठी शिलालेख आहे, हेही मला तुमच्याकडून कळलं. पुण्यात वाढून मला हे माहीत नव्हतं. मी सॉरी म्हणणार होते, पण तुम्ही इतके उत्साहात होतात की ते राहूनच गेलं. मग रोजचं येणं-जाणं झालं आणि सॉरी म्हणण्याइतकं परकेपण उरलं नाही. “काय राव, काका!” असं मी चिडून म्हटलं की तुम्ही “हो, रावच,” म्हणायचात. दर वेळी. बारा वर्षं तोच जोक.

ते खापर मी पहिल्यांदा बघितलं ते तुमच्या टेबलावर, वर्तमानपत्रांवर वजन म्हणून. तळहाताएवढं, बाहेरून तांबडं, आतून काळंभोर. तुम्ही नऊ वर्षांचे असताना आजोळी, वैगै नदीकाठच्या गावात, विहीर खणताना वर आलेल्या मातीच्या ढिगातून उचललेलं. खिशातून तंजावरला नेलंत, पुढे ट्रंकेतून अमेरिकेत आणलंत. त्याच्यावर टोकदार कशानं तरी ओरखडलेली एक खूण होती, पोट फुगलेल्या माशासारखी. तुम्ही छातीठोकपणे सांगायचात, “हे जुन्या लिपीतलं ‘म’ अहे. माझ्या नावाचा, माधवचा म. कुणाचं तरी नाव होतं हे, पुढचं फुटून गेलं.”

मी हसले होते. मडक्यावर कोण नाव लिहितं, म्हटलं. त्यावर तुम्ही उठून माझ्याबरोबर माझ्या घरी आलात, थेट स्वयंपाकघरात गेलात आणि फळीवरचं स्टीलचं पातेलं उलटं केलंत. त्याच्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: सौ. कमल द. केळकर. माझी आजी.

“हे कशाला घातलंय नाव?”

“अहो, लग्नकार्यात भांडी एकमेकांकडे जातात ना, अदलाबदल होऊ नये म्हणून.”

“बेष! मग त्यांच्याकडे काय लग्नं होत नसत?”

काका, मी त्या पातेल्यात रोज वरणाला डाळ भिजवते. त्या दिवशी ते हातात घेऊन मी किती वेळ उभी होते ते तुम्ही पाहिलंत. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची कुणी बाई, ‘माझं मडकं माझ्याकडेच परत आलं पाहिजे हं’ म्हणून ते ओरखडतेय! इतिहास म्हणजे सनावळ्या, असं समजणारी मी. मला तोवर कधी वाटलंच नव्हतं की त्या लोकांचीही भांडी हरवत असतील.

पण मी लगेच शरण येणाऱ्यातली नव्हे. त्याच गावाजवळ सरकारनं उत्खनन सुरू केलं, पैसा वाढवला, संग्रहालय बांधलं, अशी एकेक बातमी तुम्ही मला पाठवायचात आणि मी शनिवारच्या कॉफीला भांडायला यायचे. “पब्लिकचा पैसा आहे, काका. माझ्या बाबांनी जन्मभर टॅक्स भरला, त्यांच्या गल्लीत अजून पाणी तुंबतं. आणि इकडे सरकारं खापरं गोळा करतायत! आमचं जुनं की तुमचं जुनं, एवढ्यासाठी.” त्यात थोडी मिजास आहेच, हे तुम्ही नाकारलं नाहीत. म्हणालात, “राजाला वंशज असतात, देवाला हुंडी, दानपेटी असते. मडक्यात जेवणाऱ्याला कोण अहे? त्याच्यासाठी खणायचं तर सगळ्यांनी मिळूनच खणायला पाहिजे. अमी राजाबरोबर आलो, अमची भाषा देवळाच्या भिंतीवर बसली. जे आधीपासून तिथे होते, त्यांची मातीत राहिली.” मी म्हटलं, हे बोलायला छान आहे. तुम्ही म्हणालात, खणायलाही छान आहे. वाद तिथेच राहिला.

आणि एकदा मी ते वाक्य बोलले. सहज बोलले हो, पण बोलले. “पण काका, तुम्ही तर मराठी. तुम्हाला तमिळ खापरांचं एवढं काय?” तुम्ही कप खाली ठेवलात. बाहेर पाऊस पडत होता, आपल्या रेडमंडचा तो कधी न थांबणारा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला पाऊस. तुम्ही खिडकीकडे बघत म्हणालात, “मी कुठला, हे तू ठरवणार काय?” अहो-जाहो करणारे तुम्ही, त्या दिवशी ‘तू’वर आलात. पुढच्या शनिवारी काहीच झालं नाही असं दाखवत कॉफी दिलीत. मीही काहीच झालं नाही असं दाखवत प्याले.

त्यानंतरच केव्हातरी तुम्ही म्हणालात की ते खापर परत द्यायचंय. बातम्यांतले फोटो बघून बघून तुमच्या मनानं घेतलं होतं की ही चोरी आहे. नऊ वर्षांच्या पोरानं केलेली का असेना. पायात एवढं दुखणं, प्रवास झेपणार नाही, म्हणून मी न्यावं. मी दोनदा टाळलं. पहिल्यांदा बॅगेचं वजन भरलं होतं, म्हणजे माझ्या भाच्यांची चॉकलेटं त्या खापरापेक्षा महत्त्वाची होती. दुसऱ्यांदा बाबांचं ऑपरेशन होतं, ते तरी खरं. दोन्ही वेळा तुम्ही “पुढच्या वेळी” म्हणालात, आणि तुमच्या वयाच्या माणसाला पुढच्या वेळी म्हणताना काय वाटत असेल, याचा विचार माझ्या मनात आला नाही.

फेब्रुवारीत भाच्याचं लग्न निघालं तेव्हा तुम्ही स्वतःच्या हातानं ते पॅक करून दिलंत. स्टीलच्या डब्यात, जुन्या वेष्टीच्या, म्हणजे आमच्या धोतराच्या, कापडात. सोबत तमिळमधली चिठ्ठी आणि एक नकाशा: विहीर, दोन ताडाची झाडं, देऊळ, आजोबांचं घर. एकाहत्तर वर्षांपूर्वीच्या आठवणीवरून काढलेला, पण पट्टीनं. इंजिनिअर तो इंजिनिअरच. सिॲटलच्या विमानतळावर सिक्युरिटीवाल्यानं डबा उघडून विचारलं, हे काय? म्हटलं, फुटलेलं मडकं. किमती आहे? म्हटलं, मला खरंच माहीत नाही. त्यानं माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं.

आता रिपोर्ट. नीट ऐका.

उत्खननाचा खड्डा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर रस्त्यावरचे खड्डे होते. आणि समोर काय, तर नारळीच्या बागेत एखाद्या खोलीएवढा चौकोन, चारही भिंती खरवसाची वडी कापावी तशा सरळ उतरलेल्या. मी कडेला जाऊन खाली वाकले. वरच्या मातीत नारळाची मुळं आणि प्लॅस्टिकचा एक चमचा. त्याखाली पिवळट माती, मग तांबडी, मग राखेचा एक काळा पट्टा, कुणाची तरी चूल असावी असा. प्रत्येक थराला कागदाची चिठ्ठी टोचलेली. त्याखाली विटा! अख्ख्या, रुंद, ओळीनं मांडलेल्या. आणि कोपऱ्यात मातीची भाजलेली कडी एकावर एक रचून केलेली विहीर. खाली, अगदी तळाशी, नदीची वाळू, जिच्यावर अजून कुणी माणूस आलेला नव्हता. मी चमच्यापासून वाळूपर्यंत बघत गेले आणि परत वर आले. काका, मी देवळात गेल्यावरही हात जोडायला जरा लाजते, पण तिथे माझे हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते विचारू नका.

आणि पाणी वाहून जायला भाजक्या मातीचे पाइप होते. एकात एक बसवलेले, आजही नीट बसलेले. मला बाबांची तुंबलेली गल्ली आठवली. आता हा मुद्दा तुमच्या बाजूचा की माझ्या, हे ठरवायला तुम्ही हवे होतात. मला वाटतं, तुम्ही तो निर्लज्जपणे तुमच्याकडे ओढून घेतला असता.

खड्ड्यात गावातल्याच बायका काम करत होत्या, रोजावर. पन्नाशीची एक बाई उकिडवी बसून रंगाच्या ब्रशनं एका विटेवरची धूळ काढत होती, तान्ह्या बाळाचं अंग पुसावं इतकी हळू. मी तिथल्या सेल्वीला, म्हणजे मला सगळं दाखवायला आलेल्या तरुण पुरातत्त्ववाल्या मुलीला म्हटलं, यांना विचार, काय काम करता? बाईनं वर न बघताच उत्तर दिलं आणि बाकीच्या सगळ्या हसल्या. सेल्वीनं सांगितलं, “त्या म्हणतात, काय करणार, अंगण झाडते. जरा जुनं अहे इतकंच.” बघा, ‘अहे’ मी लिहून गेले. सेल्वी इंग्लिशमध्ये बोलत होती, पण माझ्या कानात ते तुमच्या आवाजात आलं. पब्लिकचा पैसा कुठे जातो म्हणून मी इतकी वर्षं तुमच्याशी भांडले ना? त्या बाईच्या ब्रशात जातो. मी हरले, काका. लेखी देते.

त्या बायका कामाच्या नादात आपसात बोलत होत्या. भराभर, एकमेकींना टोचत, हसत. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि मी जीव कानात आणून ऐकत होते. बसमध्ये तुमच्यामागे बसून मी ज्याला यंडुगुंडू म्हटलं, तेच हे. ही भाषा त्या तळाच्या विटांच्या वेळीही इथे बोलली जात होती. मला इतकी लाज वाटली! बारा वर्षांपूर्वी म्हणायचं होतं ते आता म्हणते: चुकले मी. सॉरी, काका.

आता ते, ज्यासाठी मी आठ दिवस तुमच्यापासून तोंड लपवत होते. सेल्वीनं डबा उघडला, तुमची चिठ्ठी वाचली, नकाशा बराच वेळ पाहिला. खापर उन्हात धरलं, अंगठा फिरवला. पहिला प्रश्न: कुठल्या थरातलं? मी म्हटलं, थर कुठला, ढिगाऱ्यातलं. तिनं मान हलवली. म्हणाली, वय खापराला नसतं, थराला असतं, जागेवरून उचललं की ते मुकं होतं. तुमच्या नकाशातल्या जागी आता घरं उभी आहेत, तिथे कुणी खणू शकणार नाही. आणि ते ‘म’ नाही, काका. अक्षरच नाही. खूण आहे नुसती. अशा खुणा अक्षरांबरोबर सापडतात, कधी अक्षरांच्या खालच्या थरांतही सापडतात आणि त्यांचा अर्थ अजून कुणालाच नीट लागलेला नाही. नाव असेल, कुळ असेल, कुंभाराची सही असेल. तिला माहीत नाही. हे ती खालमानेनं नाही, डोळे चमकवत म्हणाली, जणू माहीत नसणं हीच मोठी गोष्ट. पण मी तुमच्या बाजूनं ऐकत होते आणि मला रडू येत होतं. एकाहत्तर वर्षं माणूस एका अक्षरावर विसंबून राहिला, त्याला हे मेसेजवर कसं कळवायचं? म्हणून ‘बाकी भेटल्यावर’. आणि भेटून सांगायचीही हिंमत होईना.

चोरीचंही विचारलं मी. सेल्वी खळखळून हसली. म्हणाली, गावातल्या कितीतरी चुलींना इथल्याच विटा लागल्या आहेत, मग सगळ्यांनाच पकडावं लागेल. परत आणून देणारे मात्र तुमचे काका पहिले. हे तरी मी फोनवर सांगायला हवं होतं. एवढं एक वाक्य.

मग तिनं एक फॉर्म काढला. देणाऱ्याचं नाव: मी माधव राव सांगितलं. पुढचा रकाना होता ‘ऊर’, म्हणजे आपण मूळ गाव म्हणतो ना, ते. सेल्वी पेन धरून थांबली. रेडमंड? तंजावर? महाराष्ट्रातलं एखादं नाव, जे तुम्हालाही ठाऊक नव्हतं? मला तुमचा खिडकीकडे वळलेला चेहरा दिसला. मी तिला तुमच्या आजोळचं नाव सांगितलं, त्या विहिरीचं गाव. तिनं तमिळमध्ये लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. शेवटी तो ‘ळ’ आला, मराठीतला नव्हे, तमिळमधला, तुमचा तो जीभ मागे नेऊन म्हणायचा, जो मला बारा वर्षांत जमला नाही. मी तीनदा म्हणून पाहिला. सेल्वी म्हणाली, जवळपास.

आणि हे शेवटचं. तुमचं खापर काचेत ठेवलेलं नाही. काचेत थर माहीत असलेलीच जातात. पण संग्रहालयात एक उघडा ट्रे आहे, शाळेच्या मुलांसाठी. थराचा पत्ता नाही अशी खापरं तिथे असतात, कारण अख्ख्या संग्रहालयात हात लावायची परवानगी फक्त त्यांनाच आहे. सेल्वीनं माझ्यासमोर ते त्यात ठेवलं आणि दहाच मिनिटांत मुलींची एक सहल आत शिरली. एकीनं तुमचंच उचललं. वास घेतला, कानाला लावलं, मग दुसरीनं ओढलं, तिसरीनं ओढलं. चौथीच्या हातातून ते निसटता निसटता राहिलं आणि मी ओरडले, “अगं, पडेल ना! सेल्वी, तुटलं म्हणजे?”

सेल्वी माझ्याकडे बघतच राहिली. “मॅडम,” ती म्हणाली, “ते तुटलेलंच आहे.”

केवढ्यानं हसला असतात तुम्ही. मी नुसता फोन केला असता तरी हसला असतात.